चाहूल पाळीची की पाळण्याची?



मराठी घरांत स्त्रीच्या शरीराविषयी थेट बोलण्याची रीत फारशी नव्हती. पाळी आली की ‘कावळा शिवला’ म्हणायचे आणि गर्भ राहिला की ‘दिवस गेले’ म्हणायचे. या दोन्ही प्रसंगांसाठी भाषेने निदान आडवळणाचे शब्द तरी दिले. परंतु या दोहोंच्या अलीकडे जो आठ-दहा दिवसांचा काळ असतो, त्याला आपल्याकडे नावच नाही. पाळीची तारीख जवळ आलेली असते. छाती जड वाटते, कंबर धरते, दुपारी डोळे मिटू लागतात. फोडणीचा वास नकोसा होतो, क्षुल्लक कारणावरून डोळ्यांत पाणी येते. घरातील वडीलधारी स्त्री कौतुकाने विचारते, “काय गं, काही विशेष?” पती म्हणतो, “पित्त झालं असेल.” आणि ती स्वतः मनातल्या मनात तारखा मोजत असते.

ही लक्षणे येऊ घातलेल्या पाळीची की नुकत्याच राहिलेल्या गर्भाची, हा प्रश्न वरवर पाहता लहान वाटतो. ज्या दांपत्याला अपत्याची आस आहे, त्यांच्यासाठी तो दर महिन्याच्या आशा-निराशेचा प्रश्न असतो. ज्या स्त्रीला दोन मुले आहेत आणि तिसऱ्याचा विचार नाही, तिच्यासाठी तो झोप उडवणारा असतो. आणि काही थोड्या प्रसंगी तो जिवावर बेतणारा ठरतो. म्हणून त्याचा विचार संकोच बाजूला ठेवूनच करावयास हवा.

प्रथम एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. पाळीची तारीख उलटेपर्यंत केवळ लक्षणांवरून हा निवाडा करता येत नाही. अनुभवी आजीला येत नाही, निष्णात डॉक्टरला येत नाही आणि त्या स्त्रीलाही येत नाही. यामागे शरीराची रचनाच कारणीभूत आहे.

मासिक चक्राच्या साधारण मध्यावर अंडाशयातून स्त्रीबीज बाहेर पडते. ज्या पुटकातून ते बाहेर पडले, त्याच्या जागी एक पिवळसर पिंड तयार होतो. हा पीतपिंड प्रोजेस्टेरॉन नावाचे संप्रेरक स्रवू लागतो. गर्भाशयाचे अस्तर गर्भाच्या स्वागतासाठी मऊ व पोषक करणे हे त्याचे मुख्य काम. परंतु रक्तातून ते सर्वत्र फिरते. आतड्यांचे स्नायू त्याच्यामुळे सैलावतात, म्हणून पोट फुगते, मलावरोध होतो. स्तनांतील ग्रंथी फुगतात आणि हात लागला तरी दुखतात. अंगाचे तापमान किंचित वाढते, सुस्ती येते. हे सारे दर महिन्याला घडते, मग बीज फलित होवो वा न होवो.

बीज फलित झाले, तरी ते लगेच गर्भाशयात रुजत नाही. गर्भनलिकेतून सरकत ते गर्भाशयात येते आणि बहुतेक वेळा बीज बाहेर पडल्यापासून आठ ते दहा दिवसांनी अस्तरात रुजते. रुजल्यावर त्या कोवळ्या गर्भाभोवतीच्या पेशी एचसीजी हे संप्रेरक तयार करू लागतात. ‘काम थांबवू नकोस’ असा निरोपच जणू ते पीतपिंडाला पोहोचवते. निरोप पोहोचला तर प्रोजेस्टेरॉन टिकते आणि पाळी येत नाही. निरोप आलाच नाही तर साधारण चौदा दिवसांत पीतपिंड कोमेजतो, प्रोजेस्टेरॉन उतरते आणि पाळी सुरू होते. म्हणजे पाळीपूर्व आठवड्यात जे जाणवते आणि गर्भधारणेच्या अगदी आरंभी जे जाणवते, त्या दोहोंचे मूळ बव्हंशी एकच असते. एकाच वाद्यावर वाजणारे हे दोन राग आहेत आणि पहिले काही स्वर दोघांचे समान आहेत.

आपल्या वैद्यकपरंपरेने या विषयाकडे किती बारकाईने पाहिले होते, हे येथे पाहण्यासारखे आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात नुकत्याच गर्भ राहिलेल्या स्त्रीची लक्षणे दिली आहेत. तोंडाला पाणी सुटणे, जडपणा, अंग गळून जाणे, तंद्री अशी ती यादी आहे. पुढे त्याच स्थानात गर्भाची चिन्हे अधिक विस्ताराने येतात. तेथे यादीच्या आरंभीच येते ते आर्तवाचे न दिसणे, म्हणजे पाळी चुकणे. मळमळ, अन्नावरची वासना जाणे, आंबट खावेसे वाटणे ही चिन्हे त्याच्या मागोमाग येतात. पाळी चुकण्याचा हा अग्रक्रम आजच्या वैद्यकशास्त्रालाही मान्य आहे. मराठी भाषेनेही तेच केले. गर्भ राहिला हे सांगताना तिने मळमळीचा वा आंबट चिंचेचा शब्द निवडला नाही, ‘दिवस गेले’ असे म्हटले. अर्थात भरवसा ठेवला तो तारखेवर.

तरीही लक्षणांत काही फरक आहेतच आणि तारीख उलटू लागली की ते उपयोगी पडतात. पाळीपूर्व स्तनांचे दुखणे रक्तस्राव सुरू होताच ओसरते. गर्भ असेल तर ते टिकते, वाढते आणि पुढे काही आठवड्यांत स्तनाग्राभोवतीचा भाग गडद होऊ लागतो. वारंवार लघवीला जावे लागणे हेही गर्भाकडेच अधिक झुकणारे लक्षण आहे, मात्र लघवीची जळजळ असेल तर तो जंतुसंसर्ग असण्याचा संभव अधिक. थकव्यावरून काहीच ठरवू नये. पहाटे पाच वाजता उठून डबे करणाऱ्या, लोकलने वा बसने कामावर जाणाऱ्या गृहिणीला थकवा येण्यासाठी संप्रेरकांची गरज नसते.

मळमळीविषयी मात्र थोडे थांबून बोलले पाहिजे, कारण आपल्याकडे तिला ‘पित्त’ या एका शब्दात बसवण्याची सवय आहे. गर्भावस्थेतील मळमळ बहुधा शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजता चौथ्या ते सहाव्या आठवड्यात सुरू होते, म्हणजे पाळीची तारीख आल्यावर किंवा उलटल्यावर. तारखेच्या सहा-सात दिवस आधीच मळमळू लागले तर ते गर्भाचे लक्षण असण्याचा संभव कमी. आदल्या दिवशीचा उपवास, साबुदाणा, दाण्याचे कूट आणि रिकाम्या पोटी चार वेळा झालेला चहा यांचा विचार आधी करावा. उलट तारीख उलटून गेल्यावरही रोज सकाळी मळमळत असेल आणि घरात आम्लपित्ताच्या गोळ्याच चालू असतील, तर ती गोळी बाजूला ठेवून आधी तपासणी करावी.

रक्ताचा डाग हे सर्वांत फसवे लक्षण आहे. काही स्त्रियांना गर्भ रुजण्याच्या सुमारास अल्पसा गुलाबी वा तपकिरी डाग दिसतो. तो एक-दोन दिवसांत थांबतो आणि त्याला पाळीचा ओघ येत नाही. पाळीच्या तारखेच्या आसपासच हे घडत असल्याने ‘यंदा पाळी फार कमी गेली’ असा समज होतो, महिना पुढे सरकतो आणि गर्भाचे वय मोजताना चार आठवड्यांची चूक होते. नेहमीपेक्षा वेगळी, अत्यल्प वा खूप लांबलेली पाळी आली तर ‘पाळी आली’ एवढ्यावर समाधान मानू नये.

मनःस्थितीविषयी एक खुलासा आवश्यक आहे. पाळीपूर्व चिडचिड, उदासी, एकाग्रता न होणे ही स्वभावाची खोट नाही. १९३१ साली अमेरिकेत रॉबर्ट फ्रँक या वैद्याने पाळीपूर्व ताणाचे वर्णन केले आणि १९५३ साली इंग्लंडमध्ये कॅथरिना डाल्टन व रेमंड ग्रीन यांनी पाळीपूर्व लक्षणसमूह ही संज्ञा रूढ केली. पाळी सुरू होताच किंवा तीन-चार दिवसांत मन स्वच्छ होते, ही त्याची खूण. गर्भावस्थेतही मन हळवे होते, परंतु तेथे असा ठरलेला उतार नसतो.

तारीख हाच मुख्य आधार, असे म्हटले की पुढचा प्रश्न येतो तो तारखेच्या विश्वासार्हतेचा. अठ्ठावीस दिवसांचे चक्र ही सरासरी आहे, नियम नव्हे. २१ ते ३५ दिवसांचे चक्र सामान्य मानले जाते. ताप, परीक्षा, लांबचा प्रवास, घरातील मृत्यू यांमुळे बीज बाहेर पडणेच लांबते आणि त्यामागोमाग पाळीही लांबते. अंडाशयातील गाठींचा विकार किंवा थायरॉइडचे दोष असतील तर महिनोन्‌महिने अंदाज लागत नाही.

आपल्या घरांत तारीख चुकवणारे आणखी एक कारण आहे आणि ते आपणच निर्माण करतो. गौरी-गणपती, घरचे लग्न, सत्यनारायण, तीर्थयात्रा यांसाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या सर्रास घेतल्या जातात. बहुतेकदा शेजारणीच्या सांगण्यावरून, औषधाच्या दुकानातून आणून. या गोळ्यांत प्रोजेस्टेरॉनच्याच कुळातील औषध असते. साहजिकच छाती दुखणे, पोट फुगणे, मळमळ ही लक्षणे त्या गोळ्यांनीही येतात. गोळ्या थांबवल्यावर साधारण दोन-तीन दिवसांत पाळी येणे अपेक्षित असते. आठवडा उलटूनही आली नाही, तर ‘गोळ्यांमुळे बिनसले असेल’ म्हणत वाट पाहू नये, तपासणी करावी. आणि मुळात गोळी घेण्यापूर्वीच गर्भ राहिल्याची शंका असेल तर ती घेऊच नये. सणाच्या पूजेसाठी सुनेला गोळी घेण्याचा आग्रह होणाऱ्या घरांनी, तो आग्रह खरोखर देवाचा आहे की आपला, हे एकदा तपासून पाहावे. संबंधांनंतर घ्यावयाच्या तातडीच्या गर्भनिरोधक गोळ्याही अशाच प्रकारे पाळीची तारीख मागे-पुढे करतात.

काही स्त्रियांच्या बाबतीत गर्भाची शंका कोणी घेतच नाही. अंगावर पाजणारी आई त्यांपैकी एक. बाळ सहा महिन्यांच्या आतील असेल, त्याला केवळ अंगावरचेच दूध मिळत असेल आणि पाळी परत आलेली नसेल, तरच स्तनपानाचे संरक्षण बऱ्यापैकी भरवशाचे असते. यातील एक जरी अट सुटली तरी पहिली पाळी दिसण्यापूर्वीच पुन्हा गर्भ राहू शकतो. चाळिशी ओलांडलेली स्त्री ही दुसरी. पाळी चुकली की ‘आता जाण्याचे वय झाले’ असे ठरवून टाकले जाते. तिसरी म्हणजे कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेली स्त्री, तिच्याविषयी पुढे बोलू.

निवाडा करते ती तपासणी. १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये आश्हाइम व त्सोंडेक यांनी स्त्रीचे मूत्र उंदराच्या मादीला टोचून गर्भनिदान करण्याची पद्धत शोधली. त्यासाठी उंदरांचा बळी जात असे आणि निकालाला काही दिवस लागत. पुढे दक्षिण आफ्रिकेतील एका जातीच्या बेडकीचा उपयोग होऊ लागला. मूत्र टोचल्यावर तिने अंडी घातली की गर्भ आहे असे समजत. आज तेच एचसीजी संप्रेरक कागदाच्या पट्टीवर पाच मिनिटांत ओळखता येते. औषधाच्या दुकानात ही पट्टी अल्प किमतीत मिळते. केंद्र शासनाच्या ग्रामीण आरोग्य अभियानातून ‘निश्चय’ नावाचा संच आशा स्वयंसेविकांमार्फत खेडोपाडी पोहोचला, ही स्त्रियांच्या दृष्टीने मोठीच सोय झाली.

पट्टीचा उपयोग मात्र नीट व्हावा लागतो. पाळीची तारीख आल्याशिवाय तपासणीची घाई करू नये. एचसीजीचे प्रमाण सुरुवातीस सुमारे दोन दिवसांत दुप्पट होते, म्हणून सोमवारी न दिसलेली रेघ गुरुवारी दिसू शकते. सकाळचे पहिले मूत्र घ्यावे. ‘सी’ या अक्षरापुढील रेघ उमटली नाही तर ती पट्टीच निकामी समजावी. ‘टी’पुढील रेघ फिकट असली तरी ती रेघच होय. मात्र वेष्टनावर दिलेली वेळ उलटून गेल्यावर, कोरड्या पट्टीवर तासाभराने दिसलेल्या पुसट खुणेला अर्थ नसतो. निकाल नकारार्थी आला आणि पाळीही आली नाही, तर तीन-चार दिवसांनी किंवा आठवड्याने पुन्हा तपासावे. चक्र अनियमित असेल तर शेवटच्या संबंधानंतर एकवीस दिवस जाऊ द्यावेत.

वंध्यत्वावर उपचार घेणाऱ्या दांपत्यांची स्थिती याहून नाजूक असते. त्यांना बहुधा प्रोजेस्टेरॉन दिलेले असते, म्हणून लक्षणे हमखास जाणवतात आणि आशा पल्लवित होते. बीज बाहेर पडावे म्हणून काहींना एचसीजीचेच इंजेक्शन दिले जाते. त्याचा अंश शरीरात दहा-बारा दिवसही राहू शकतो आणि पट्टीवर खोटी रेघ उमटते. डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसापूर्वी घरी तपासून पाहणे या दांपत्यांना फार महागात पडते. अशा घरात ‘यंदा काही चिन्ह?’ हा प्रश्न नातेवाइकांनी न विचारणे एवढी दया तरी असावी. बातमी असेल तेव्हा ती सांगितली जाईलच.

शंकेच्या या दिवसांत औषधांबाबत कसे वागावे? गर्भ असेल असे समजून वागावे, हे सर्वांत सुरक्षित. फोलिक आम्लाची ४०० मायक्रोग्रॅमची दैनंदिन गोळी अपत्याचा विचार करणाऱ्या प्रत्येक स्त्रीने गर्भ राहण्यापूर्वी किमान महिनाभर सुरू करावी. त्याचे कारण साधे आहे. बाळाचा मेंदू व मज्जारज्जू ज्या नलिकेतून घडतात, ती गर्भधारणेपासून सुमारे अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत मिटते. म्हणजे पाळी चुकल्यानंतर फार तर दोन आठवडे हाती असतात. पाळी चुकली, मग वाट पाहिली, मग सासरी-माहेरी कळवले, मग डॉक्टरांकडे गेले, या क्रमात ती वेळ निघून जाते. मुरुमांवरील आयसोट्रेटिनॉइन, फेफऱ्यावरील व्हॅल्प्रोएट, रक्त पातळ ठेवणारे वॉरफेरिन ही औषधे गर्भाला अपाय करणारी आहेत. ती चालू असतील तर शंका येताच त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे. मात्र फेफऱ्याचे औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये, त्यातून अधिक मोठा अनर्थ ओढवतो. कंबर दुखते म्हणून एखादी वेदनाशामक गोळी घेतली गेली असेल, तर घाबरून जाण्याचे कारण नाही. पुढील गोळी विचारून घ्यावी.

निकाल होकारार्थी आला आणि तो नको असला, तरी औषधाच्या दुकानातून गोळ्या आणून घरच्या घरी प्रकरण मिटवण्याचा मार्ग धोक्याचा आहे. वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ साली झाला आणि २०२१ साली त्यात सुधारणा झाली. त्या कायद्यानुसार नोंदणीकृत डॉक्टरांचा सल्ला मिळतो आणि स्त्रीचे नाव गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. या विषयावरील मतभेद कितीही तीव्र असले, तरी मुलगी वा सून भीतीपोटी लपूनछपून गोळ्या घेते आणि रक्तस्रावाने रुग्णालयात पोहोचते, हे कोणत्याच घराला अभिप्रेत नसावे.

या सर्वांत अधिक धोका कशाचा, तर गर्भाशयाबाहेर, बहुधा गर्भनलिकेत, रुजलेल्या गर्भाचा. शंभरांतील एक-दोन गर्भधारणा अशा असतात. येथे पाळी चुकते किंवा थोडासा तपकिरी स्राव होतो आणि तो पाळीच समजला जातो. ओटीपोटात एका बाजूला दुखते, ते पाळीचे दुखणे समजले जाते. चक्कर येते, तो अशक्तपणा समजला जातो. अशी प्रत्येक चिन्हाची चुकीची उकल होत जाते आणि एके दिवशी नलिका फुटून पोटात रक्तस्राव होतो. कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाल्यावर किंवा तांबी बसवलेली असताना गर्भ राहणे दुर्मीळ आहे, परंतु राहिलाच तर तो नलिकेत असण्याचे प्रमाण बरेच अधिक असते. म्हणून ‘हिचे ऑपरेशन झालेले आहे’ हे वाक्य उच्चारून तपासणी टाळू नये. गर्भपाताच्या गोळ्यांनी हा गर्भ जात नाही, उलट त्यांच्यामुळे होणाऱ्या रक्तस्रावाने तो झाकला जातो. पाळी चुकलेली वा विचित्र आलेली असताना एका बाजूला तीव्र दुखणे, खांद्याच्या टोकाला कळ, घेरी वा बेशुद्धी यांपैकी काहीही झाले तर रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालय गाठावे. सकाळची वाट पाहू नये.

येथे घरातील पुरुषांचे काम सुरू होते. अनेक घरांत पत्नीच्या पाळीची तारीख पतीला ठाऊक नसते, दुधाचा आणि गॅसच्या टाकीचा हिशेब मात्र तोंडपाठ असतो. भिंतीवरच्या कालनिर्णयावर दुधाच्या नोंदी होतात, त्याच चौकटीत एक बारीक टिंब टाकण्यास जागा असते. पूर्वीच्या कित्येक गृहिणी तसे करीत. आता मोबाइलमध्येही नोंद ठेवता येते. पाळीचा पहिला दिवस, ती किती दिवस राहिली, आणि आधीच्या आठवड्यात काय काय जाणवले, एवढे सलग दोन-तीन महिने लिहिले तर त्या स्त्रीचा स्वतःचा असा एक नकाशा तयार होतो. एखाद्या महिन्यात लक्षणांनी तो सोडला तर ते तिलाच प्रथम कळते. आणि चिडचिड, उदासी इतकी तीव्र असेल की त्या आठवड्यात नोकरी करणे, मुलांना सांभाळणे अशक्य होते, जगणे नकोसे वाटते, तर तीच वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. त्या त्रासावर आज प्रभावी उपचार आहेत, आणि निदान करताना डॉक्टर सर्वप्रथम मागतात ती हीच दोन महिन्यांची नोंद.